हाफ क्लचवरचं उपनगर

संध्याकाळी सातच्या सुमारास पश्चिम द्रुतगती मार्गावर अंधेरीहून बोरिवलीकडे निघालेल्या गर्दीत कधीकधी एक वास पसरतो. जळका पुठ्ठा आणि तापलेलं लोखंड यांच्या मधलं काहीतरी. आजूबाजूचे चालक आधी आपल्या बॉनेटकडे बघतात, मग शेजारच्याच्या. पुलाच्या चढावर एखाद्या गाडीचं इंजिन जोरात ओरडत असतं आणि गाडी मात्र मुंगीच्या पावलांनी सरकत असते. शेजारचा रिक्षावाला मान बाहेर काढून एका दमात निदान सांगतो, "प्लेट गेली."

ही प्लेट म्हणजे क्लच प्लेट. छोट्या पेट्रोल गाडीत ती साधारण १८ ते २० सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे नाश्त्याच्या बशीएवढी असते. तिच्या दोन्ही अंगांना घासून पकड घेणारा थर, म्हणजे लायनिंग, रिव्हेटने ठोकलेलं असतं. एका बाजूला इंजिनाला पक्कं बसवलेलं फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला प्रेशर प्लेट, आणि या दोन लोखंडांच्या मध्ये ही बशी चिमटीत धरलेली. प्रेशर प्लेटमध्ये फुलाच्या पाकळ्यांसारखी चिरलेली पोलादी स्प्रिंग असते. ती छोट्या गाडीतसुद्धा तीनशे-चारशे किलो वजनाएवढा दाब देते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग त्या पाकळ्या आत ढकलतं, चिमटा सैल होतो आणि इंजिनाचा चाकांशी संबंध तुटतो. पेडल सोडलं की चिमटा पुन्हा आवळतो. पाकळ्यांची ही रचना आता इतकी रुळली आहे की तिच्याकडे कोणाचं लक्षही जात नाही, पण लुक ही जर्मन कंपनी १९६५ साली उभी राहिली तीच फोक्सवॅगन बीटलसाठी असे क्लच बनवत.

फ्लायव्हील काय करतं हे ज्यांनी जातं ओढलं आहे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. खुंट्याला हात देऊन वरचा दगड एकदा फिरता केला की पुढचा अर्धा फेरा तो स्वतःच्या वजनाने घेतो. गावाकडे विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनाला हँडल मारताना त्या जड चाकाने आधी दमवून सोडलेलं आणि मग एका ठोक्यात इंजिन धरून ठेवलेलं अनेकांना आठवत असेल. मोटारीतही तेच. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर नुसतं गुरगुरत असतं, तेव्हा सेकंदाला सुमारे २७ छोटे स्फोट होत असतात. त्या स्फोटांचे धक्के गिळून एकसंध फिरणं पुढे देणारं जड चाक म्हणजे फ्लायव्हील. त्याच्या कडेला स्टार्टरचे दाते असतात आणि त्याच्याच गुळगुळीत पाठीवर क्लच प्लेट घासत-घासत पकड घेते. म्हणून क्लच आणि फ्लायव्हील ही जोडी आहे. एकाचा विचार करून दुसरं सोडून देता येत नाही, आणि नेमकं तेच वारंवार घडतं.

उपनगरात क्लच वेगाने मरत नाही, थांबून-थांबून मरतो. पुण्याकडे एक्सप्रेसवेने जाणारी गाडी तासभर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये पळते. त्या तासात क्लचला जवळजवळ काही कामच नसतं, कारण पूर्ण आवळलेला क्लच घासत नाही. घासतो तो निघताना. थोडा हिशेब करून बघण्यासारखा आहे. माणसांसकट १००० किलोची गाडी उभ्यापासून ताशी १० किलोमीटरपर्यंत नेली की तिच्या अंगी जवळपास ३,९०० ज्यूल इतकी गतिऊर्जा येते. इंजिनाचे फेरे त्या वेळात स्थिर राहिले तर तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. निम्मं गाडीला, निम्मं प्लेटला, असा हा व्यवहार. एका संध्याकाळी असं शंभर वेळा झालं तर क्लचमध्ये जिरलेल्या उष्णतेवर सव्वा लिटर पाणी चहासाठी उकळता येईल. आणि गर्दीच्या वेळी अंधेरी ते बोरिवली शंभर वेळा थांबणं हा काही फार मोठा आकडा नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणं. दर २० मीटरला १ मीटर चढणाऱ्या पुलावर ब्रेक न लावता, अर्धवट पेडल आणि थोडा ॲक्सिलरेटर यांच्या जोरावर गाडी जागच्या जागी उभी ठेवली, तर प्लेट आणि फ्लायव्हील यांच्या मध्ये सुमारे ९०० वॉट उष्णता सतत तयार होत राहते. घरातली साधी इस्त्री जवळपास तेवढीच असते. सिग्नल दीड मिनिटाचा असेल तर दीड मिनिट त्या बशीवर इस्त्री टेकवून ठेवली असं समजायचं. तीही बंद डब्यात, जिथे वारा जवळपास पोचत नाही.

अंधेरीकरांना या इस्त्रीचा अनुभव गेल्या काही वर्षांत भरपूर आला. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीचा पूर्व आणि पश्चिम भाग जोडणाऱ्या गोखले पुलाचा पदपथाकडचा भाग रेल्वे रुळांवर कोसळला. ७ नोव्हेंबर २०२२ पासून पूल वाहतुकीला पूर्ण बंद झाला. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची एक बाजू उघडली, आणि दोन्ही बाजू सुरू व्हायला २०२५ चा मे उजाडला. मधल्या काळात पूर्व-पश्चिम जाणारी गाडी लांबच्या भुयारी मार्गांकडे आणि पुलांकडे वळली, आणि त्या प्रत्येक वळणावर रांग वाढली. अंधेरी-कुर्ला रस्ता, साकीनाका, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता, घाटकोपर आणि मुलुंडमधला लालबहादूर शास्त्री मार्ग हे सगळे रस्ते पहिल्या-दुसऱ्या गिअरचे. ओडोमीटरवर आकडा थोडा दिसतो, पण डाव्या पायाने त्या आकड्याच्या कितीतरी पट काम केलेलं असतं. म्हणूनच "गाडी पन्नास हजारच चाललीय, इतक्यात क्लच कसा गेला?" हा प्रश्न इथे चुकीच्या मोजमापावर उभा असतो.

क्लच जाण्याआधी बऱ्यापैकी सूचना देतो. पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावरच गाडी हलायला लागते. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग चढत नाही. निघताना गाडी थरथरते, गचके देते. पेडल दाबल्यावर घरघर आणि सोडल्यावर शांतता असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यायचा. पेडल हळूहळू दगडासारखं जड होत गेलं तर केबल किंवा प्रेशर प्लेटच्या पाकळ्या बघायच्या. मेकॅनिक एक परीक्षा घेतात. हँडब्रेक घट्ट ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडायचा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेटमध्ये जीव आहे. इंजिन चालूच राहिलं तर प्लेट निसटते आहे. ही परीक्षा एकदाच घ्यायची, कारण ती स्वतःही प्लेट जाळते.

मुंबईचा पाऊस या आजारात आपली भर घालतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरांतल्या असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशा गाडीत इंजिनाची आणि सीटची काळजी सगळे घेतात, क्लचच्या डब्यात शिरलेलं पाणी विसरतात. फ्लायव्हीलच्या उघड्या लोखंडाला गंज चढतो आणि दाबून बसलेली प्लेट त्या गंजासकट चिकटून जाते. मग पेडल तळापर्यंत दाबलं तरी गिअर पडत नाही. खाडीकाठच्या दमट हवेत महिनोन्‌महिने न हललेल्या गाडीलाही हाच त्रास होऊ शकतो. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत पार्किंगमध्ये नुसत्या उभ्या राहिलेल्या गाड्यांना पहिल्या दिवशी गिअर न पडण्याचं एक कारण हेही असू शकतं.

आता हे काम घरी होतं का? होतं. पण उपनगरात "घरी" म्हणजे स्टिल्टखालची, दोन खांबांमधली, एक गाडी मावेल एवढी जागा, खाली पेव्हर ब्लॉक, आणि पलीकडच्या खांबाला टेकून शेजाऱ्यांची स्कूटर. बऱ्याच सोसायट्या दुरुस्तीला परवानगी देत नाहीत, आणि तेलाचे डाग पाहिल्यावर त्यांचं फारसं चुकतं असंही म्हणता येत नाही. तरीही बोरिवलीत किंवा मुलुंडमध्ये समजा एखाद्या हौशी मालकाने सेक्रेटरीकडून शनिवार-रविवार मागून घेतला, हाताखाली एक जाणता माणूस घेतला आणि गाडी जुन्या धाटणीची छोटी पेट्रोल गाडी असली, तर दोन दिवसांत हे काम निभावतं. सराईत मेकॅनिक तेच एका दिवसात संपवतो.

सगळ्यात आधी जीव. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, क्षणभरासाठीही नाही. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे, पुढे गाडीच्या चासिसच्या मजबूत जागी दोन घोड्या (जॅक स्टँड), आणि पेव्हर ब्लॉक खचतो म्हणून घोड्यांच्या पायांखाली जाड प्लायवूड. मग गाडीला हाताने जोर लावून हलवून बघायचं. डुलली तर पुन्हा बसवायचं. या दहा मिनिटांत घाई करणाऱ्याने पुढचं काम हातात घेऊ नये.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली की काम सुरू होतं. बॅटरी, एअर फिल्टरचा डबा, क्लचची केबल, गिअरच्या केबली किंवा दांडी, स्टार्टर मोटर, वायरिंगचे सॉकेट असं वरचं सामान एकेक करून सुटं होतं. प्रत्येक ठिकाणी मोबाइलवर फोटो घ्यावा आणि प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या वाटीत ठेवावेत, कारण गिअरबॉक्सचे बोल्ट दिसायला सारखे आणि लांबीला वेगळे असतात. खालून गिअरऑइल काढून घ्यायचं. ते डब्यात भरून गॅरेजमध्ये किंवा जुनं तेल घेणाऱ्याकडे द्यायचं, गटारात ओतायचं नाही. बोरिवलीतलं गटार शेवटी पोईसर किंवा दहिसर नदीलाच मिळतं. त्यानंतर पुढची चाकं, खालचे बॉल जॉइंट आणि दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट, ज्यांना गॅरेजमध्ये सगळे एक्सलच म्हणतात.

गिअरबॉक्स सोडण्यापूर्वी इंजिनाला आधार लागतो. अशा गाड्यांमध्ये गिअरबॉक्सच्या बाजूचं मोटर माउंटिंग काढल्यावर इंजिन एका अंगाला कलंडू शकतं. म्हणून इंजिनाच्या तेलटाकीखाली लाकडी फळी ठेवून जॅक लावायचा किंवा वरून साखळीने टांगायचं. मग गोल घंटेसारख्या आवरणाचे बोल्ट सोडून गिअरबॉक्स इंजिनापासून सरळ बाजूला ओढायचा. पंचवीस-तीस किलोचं ते धूड शेवटच्या दोन सेंटिमीटरला हमखास अडतं. इथे एकाने खालून पेलायचं आणि दुसऱ्याने डोलवत बाहेर काढायचं. एकट्याने हे काम करू नये असं म्हणतात ते याच ठिकाणासाठी. गिअरबॉक्सचं सगळं वजन त्याच्या शाफ्टवरून प्लेटमध्ये लोंबकळलं की नवी प्लेटसुद्धा वाकते.

प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, अर्धा-अर्धा आटा सैल करत जायचे. एकदम एक बाजू सोडली तर स्प्रिंगच्या दाबाने आवरण पिळतं. शेवटच्या बोल्टबरोबर जुनी प्लेट हातात येते. काळी धूळ उडते. ही धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने फुंकायची नाही. जुन्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि नव्या लायनिंगची धूळही फुप्फुसात न्यावी अशी नसते. ओल्या फडक्याने पुसून घेणं, तोंडावर मास्क ठेवणं एवढं पुरतं.

आणि आता समोर फ्लायव्हील असतं. सगळ्या कामातली सर्वात महत्त्वाची पाच मिनिटं हीच, आणि सर्वात जास्त वगळली जाणारीही हीच.

टॉर्च तिरपी धरून बघितलं की दिसतं. चांगल्या फ्लायव्हीलची पाठ राखाडी आणि मंद चकचकीत असते, तिच्यावर रेकॉर्डसारख्या बारीक गोल रेघा असतात. दमलेल्या फ्लायव्हीलवर मोरपंखी निळे ठिपके उमटलेले असतात. लोखंड तीनशे अंशांच्या आसपास तापून गेल्याची ती खूण. काही ठिकाणी उन्हाळ्यात तळं आटल्यावर चिखलाला पडतात तशा बारीक भेगा असतात. कडेवरून नख आत ओढत नेलं तर प्लेट जिथे घासत होती तिथे नख खाली उतरतं, इतकी पायरी पडलेली असते. प्लेटचे रिव्हेट वर आले असतील तर त्यांनी खोल चर पाडलेले असतात. जुन्या प्लेटचंही असंच वाचन करता येतं. रिव्हेटच्या डोक्यापासून लायनिंगच्या पाठीपर्यंत अर्धा मिलिमीटरही उरला नसेल तर ती पूर्ण वापरली गेली आहे. लायनिंग भरपूर शिल्लक असून काळं आणि चकचकीत झालं असेल तर दोष पायाचा किंवा तेलाचा आहे.

तेलाचा म्हणजे असा की फ्लायव्हीलच्या मागे क्रँकशाफ्टचा ऑइल सील असतो आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टवर दुसरा. यातला एक जरी पाझरत असला तर नव्या प्लेटवर महिन्याभरात तेल चढतं. सील स्वस्त असतो, तिथपर्यंत पोचणं महाग असतं. गिअरबॉक्स खाली असताना दोन्ही सील बदलून टाकण्यात जो काटकसर करतो, तो तीच मजुरी दुसऱ्यांदा भरण्याची सोय करून ठेवतो.

निळे ठिपके का बघायचे? तिथे लोखंड कडक झालेलं असतं आणि थोडं उचललेलंही. नवी सपाट प्लेट अशा खडबडीत पाठीवर सगळीकडून टेकत नाही, मोजक्या उंचवट्यांवर टेकते. तेवढ्याच जागा तापतात, गाडी निघताना थरथरते, आणि मालक म्हणतो की नवा क्लच डुप्लिकेट निघाला. क्लच अस्सल असतो. त्याला घासायला दिलेली पाठ खराब असते. गॅरेजमध्ये क्लच सेट म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असे तीन नग येतात. फ्लायव्हील त्या खोक्यात नसतं, म्हणून ते हिशेबातही नसतं.

साध्या एकसंध फ्लायव्हीलला उपाय आहे. त्याचे बोल्ट काढण्यापूर्वी क्रँकवर आणि फ्लायव्हीलवर मिळून एक खूण करायची, दात्यांमध्ये पट्टी अडकवून ते फिरू न देता बोल्ट सोडायचे, आणि फ्लायव्हील पिशवीत घालून लेथवाल्याकडे न्यायचं. साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये किंवा मुलुंड-घाटकोपरच्या औद्योगिक वसाहतींमध्ये अजूनही असे टर्नर आहेत, जे चाकाला डायल लावून आधी ते डुलतंय का ते बघतात आणि मगच हत्यार टेकवतात. फेसिंग करताना, म्हणजे लेथवर पाठ सपाट करताना, लागेल तेवढाच थर काढायचा. काही फ्लायव्हीलमध्ये प्लेट टेकण्याची पाठ एका पातळीवर आणि प्रेशर प्लेट बसण्याची कड दुसऱ्या पातळीवर असते. तिथे दोन्ही ठिकाणी सारखंच लोखंड काढावं लागतं, नाहीतर स्प्रिंगचा दाब बदलतो. भेगा खोल असतील तर लेथचा मोह सोडून नवं फ्लायव्हील घ्यावं. मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेणारं तडकलेलं चाक पायाशी ठेवून कोणी गाडी चालवू नये.

आजच्या काही डिझेल आणि मोठ्या गाड्यांत मात्र ड्युअल मास फ्लायव्हील असतं. एकाऐवजी दोन चाकं, आणि त्यांच्यामध्ये ग्रीसमध्ये बुडालेल्या वक्र स्प्रिंगा. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून हा प्रकार गाड्यांमध्ये आला, तो डिझेलचे जड धक्के गिअरबॉक्सपर्यंत पोचू नयेत म्हणून. त्यातल्या स्प्रिंगा दमल्या की इंजिन बंद करताना खडखड ऐकू येते. अशा फ्लायव्हीलचं फेसिंग करणं शहाणपणाचं नाही. दोन चाकांमधली ढिलाई कंपनीच्या मोजमापाशी ताडून बघायची आणि मर्यादेबाहेर गेली असेल तर नवंच घालायचं. त्याची किंमत साध्या क्लच सेटच्या कित्येक पट असते. अशा गाडीचं काम स्टिल्टखाली सुरू करण्यापूर्वी खिसा आणि हत्यारं दोन्ही तपासून घ्यावीत.

सुट्या भागांसाठी उपनगरी माणूस कुर्ल्याच्या सीएसटी रोडकडे वळतो किंवा लोकल पकडून ऑपेरा हाउसच्या बाजारात जातो. जाताना जुनी प्लेट पिशवीत घालून न्यावी. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत प्लेटचा व्यास किंवा मधल्या दात्यांची संख्या वेगळी निघू शकते. दुकानातच जुनी प्लेट नव्या प्लेटवर ठेवून दाते मोजले की शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये डोक्याला हात लावायची वेळ येत नाही.

कुर्ल्याचं नाव निघालं की थोडं थांबावंसं वाटतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि तिचा कारखाना कुर्ल्यात उभा राहिला. विद्याविहारजवळचा प्रीमियर रोड त्याचीच आठवण आहे. इथूनच फियाट ११०० निघाली, जिच्या पन्नाशीच्या दशकातल्या रूपाला लोक लाडाने डुक्कर फियाट म्हणत, आणि पुढे प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला. या रचनेत गिअरबॉक्स गाडीच्या मध्यावर लांबीने पडलेला असे. मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट सोडला की गिअरबॉक्स खाली उतरवायला एक्सलला हात लावावा लागत नसे. टॅक्सीवाल्यांच्या गॅरेजांमध्ये ही उस्तवार इतकी अंगवळणी पडली होती की शहराच्या कोणत्याही कोपऱ्यात तिला हात लावणारा माणूस सापडे. पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस तीही रस्त्यावरून उतरली. गाडीबरोबर हातही उतरतात. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड आजही शिकवला जातो, पण डोळे मिटून प्लेटचं सेंटरिंग करणारे हात तयार होतात ते उस्तादाच्या शेजारी उकिडवं बसूनच.

सेंटरिंग म्हणजे नवी प्लेट फ्लायव्हीलच्या अगदी मध्यावर बसवणं. प्रेशर प्लेट आवळण्यापूर्वी ती थोडी जरी खाली सरकली तर गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्या दात्यांत शिरतच नाही, आणि तीस किलोचं ओझं छातीवर घेऊन तासन्‌तास झटापट करावी लागते. त्यासाठी प्लॅस्टिकचं किंवा लोखंडी हत्यार मिळतं. जुने मेकॅनिक लाकडी दांडक्याला योग्य जाडी येईपर्यंत चिकटपट्टी गुंडाळतात आणि तेच वापरतात. प्लेटला उलट-सुलट बाजू असते. मधल्या स्प्रिंगांचा फुगवटा बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सकडे येतो, आणि फ्लायव्हीलकडची बाजू प्लेटवर छापलेलीही असते. बोल्ट पुन्हा समोरासमोरच्या क्रमाने, शेवटी टॉर्क रेंचने. फ्लायव्हीलचे बोल्ट कंपनीने नवे घालायला सांगितले असतील तर नवेच. शाफ्टच्या दात्यांना हरभऱ्याएवढं ग्रीस पुरतं. जास्त लावलं की तेच ग्रीस उडून लायनिंगवर जातं. नव्या प्रेशर प्लेटला गंज लागू नये म्हणून कारखान्यातून तेलाचा हात दिलेला असतो, तो पुसून घ्यायचा आणि त्यानंतर लायनिंगला तेलकट बोट लावायचं नाही.

हे सगळं वाचून ज्यांचा हात पान्याकडे जाणार नाही, त्यांनी ते वाईट वाटून घेऊ नये. बहुतेकांनी हे काम ओळखीच्या गॅरेजमध्येच द्यावं. पण देताना एक गोष्ट मागावी: गिअरबॉक्स खाली आला की फोन करा, मी बघायला येतो. चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही. तो उलट टॉर्च हातात देतो. निळे ठिपके, पायरी, सील, जुन्या प्लेटचे रिव्हेट एवढं मालकाने पाच मिनिटं उभं राहून पाहिलं की फेसिंगचे पैसे कशाचे, हा वाद उरत नाही.

ज्यांनी क्लच पेडलच नको म्हणून एएमटी गाडी घेतली, त्यांच्याही गाडीत हीच बशी आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत मारुतीने सेलेरिओ आणली आणि स्वस्त गाडीत हा प्रकार रुळला. त्यात पेडल दाबायचं काम यंत्र करतं, घासणं मात्र तसंच होतं. पुलाच्या चढावर ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरच्या जोरावर एएमटी उभी धरली तर आत तीच इस्त्री तापते.

नव्या क्लचला पहिले काही दिवस हलक्या पायाची गरज असते, लायनिंग आणि फेसिंग केलेली पाठ एकमेकांना नीट बसेपर्यंत. केबलची ढिलाई मोजून घ्यायची, डाव्या पायाला पेडलवर विसावा घ्यायची सवय असेल तर तो खाली टेकवायचा. सोमवारी सकाळी बोरिवलीचा तो हौशी मालक ऑफिसला निघतो. नखांत अजून काळं आहे. जुनी प्लेट त्याने फेकलेली नाही, बाल्कनीत कुंडीखाली ठेवली आहे. पुलाच्या चढावर रांग थांबते. तो हँडब्रेक ओढतो, गिअर न्यूट्रलला टाकतो आणि पाय पेडलवरून काढून घेतो. मागची रिक्षा दोनदा हॉर्न देते. पुढची गाडी हलल्यावर तो पहिला गिअर टाकतो, पेडल सावकाश वर आणतो, अर्ध्याच्याही खाली बॉनेट किंचित दबल्यासारखं होतं, हँडब्रेक सुटतो, आणि गाडी बोटभरही मागे न येता चढाला लागते.